विष दाराशी, उतारा पुण्यात

शाळेत असताना ‘व्यसन : समाजाला लागलेली कीड’ या विषयावर मी निबंध लिहिला होता. तालुक्याच्या स्पर्धेत त्याला दुसरे बक्षीस मिळाले. आमच्या घरात आलेले ते पहिलेच प्रशस्तिपत्र, म्हणून वडिलांनी ते काचेच्या चौकटीत बसवून घेतले. आज त्या चौकटीकडे पाहिले की मला लाज वाटते. निबंधात चूक अशी काही नव्हती. व्यसनाने संसार उद्ध्वस्त होतात, तरुण पिढीने सावध झाले पाहिजे, सगळे ठाकठीक लिहिले होते. पण व्यसन लागलेल्या माणसाला उचलून न्यायचे कुठे, याविषयी त्या चार पानांत एक ओळसुद्धा नव्हती. हा प्रश्न आहे हेच तेव्हा मला ठाऊक नव्हते.

पुढे तो प्रश्न आमच्याच ओसरीवर येऊन बसला. त्याविषयी लिहावयाचे ठरविले तेव्हा आई म्हणाली, “नको बाई, उद्या तुझं लग्न व्हायचंय.” दादा थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, “लिही. माझं नाव तेवढं घालू नको.” म्हणून या लेखात त्याचे नाव नाही, गावाचे नाही आणि माझेही नाही. संपादकांनी हे मान्य केले याबद्दल त्यांची मी आभारी आहे.

आमचे गाव भीमेच्या काठी, शिरूर आणि दौंड तालुक्यांच्या शिवेवर आहे. बाजाराला शिरूर, रेल्वेला केडगाव किंवा दौंड, अशी आमची विभागणी. वडील गुऱ्हाळावर कामाला जातात, आई दुसऱ्याच्या रानात खुरपायला. दादा दहावीनंतर आय.टी.आय. करून औद्योगिक वसाहतीत ठेकेदाराकडे लागला. मी महाविद्यालयात आले ती त्याच्या पगारावर. घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिली, हे तो मित्रांना सांगत असे. माझ्या पहिल्या वर्षाची फी भरण्यासाठी त्याने लागोपाठ रात्रपाळ्या केल्या. दिवसाची पाळी संपवून त्यालाच जोडून रात्रीची करायची, याला तिकडे ‘डबल मारणे’ म्हणतात. सलग सोळा तास उभे राहायचे. अशाच एका रात्री सोबतच्या कुणीतरी कागदाच्या पुडीतली चिमूटभर पांढरी पूड त्याला दिली आणि सांगितले, “ओढ, झोप येणार नाही.” झोप खरोखरच आली नाही.

हे मी दोष झाकण्यासाठी लिहीत नाही. पहिल्या खेपेला कुणी त्याचे हात बांधले नव्हते, हे तो स्वतःच कबूल करतो. पण चैनीसाठी किंवा सिनेमातल्या श्रीमंत पोरांचे पाहून त्याने ही वाट धरली, असे कुणी म्हणेल तर ते खरे नाही.

ही पूड म्हणजे मेफेड्रोन. आपल्याकडे तिला सरसकट ‘एमडी’ म्हणतात. जगात जिचा अधिक बोलबाला आहे ती मेथॲम्फेटामिन म्हणजे ‘आइस’ किंवा ‘क्रिस्टल’, हिचीच थोरली बहीण. दोन्ही मेंदूला चाबूक मारून पळविणाऱ्या नशा. मेथॲम्फेटामिन प्रथम तयार केले ते नागाई नागायोशी या जपानी रसायनशास्त्रज्ञाने, १८९३ साली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जपानमध्ये ते ‘हिरोपॉन’ या नावाने गोळ्यांच्या रूपात मिळत असे. सैनिकांना आणि युद्धसामग्रीच्या कारखान्यांतल्या कामगारांना रात्री जागे ठेवण्यासाठी त्याचा उपयोग झाला. युद्ध संपले तेव्हा शिल्लक साठे बाजारात आले आणि हरलेल्या देशातली तरुण माणसे त्याच्या विळख्यात सापडली. अखेर १९५१ साली जपान सरकारला त्याविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. हे वाचताना मला फार नवल वाटले नाही. रात्रपाळीचा कामगार आणि झोप पळविणारी पूड यांची गाठ जपानात पडली तशी ती आमच्या भागातही पडली आहे.

या पुडीला आमच्या भागापर्यंत यायला लांबचा प्रवासही करावा लागला नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये ठाणे पोलिसांनी सोलापूरजवळच्या चिंचोळी औद्योगिक वसाहतीत एफेड्रिनचा अठरा टनांहून अधिक साठा पकडला. एफेड्रिन हे औषधात लागते. पण मेथॲम्फेटामिनचा कच्चा मालही तेच. २०२० च्या ऑक्टोबरात चाकण भागात २० किलो मेफेड्रोन सापडले आणि तपासाचा धागा शिरूर तालुक्यातल्या रांजणगावच्या वसाहतीपर्यंत आला. २०२४ च्या फेब्रुवारीत तर पुणे पोलिसांनी दौंड तालुक्यातील कुरकुंभच्या वसाहतीत एका रासायनिक कारखान्यावर छापा घातला. पुणे, कुरकुंभ, दिल्ली, सांगली मिळून सतराशे किलोंहून अधिक मेफेड्रोन हाती लागले आणि त्याची किंमत साडेतीन हजार कोटी रुपयांच्या वर असल्याचे पोलिसांनी सांगितले. त्या आठवड्यात कुरकुंभचे नाव देशभरच्या वर्तमानपत्रांत झळकले. एरवी फिरंगाई देवीच्या यात्रेपुरते ज्याचे नाव निघायचे ते गाव!

मित्रहो, या वसाहतींना मी नावे ठेवणार नाही. दुष्काळी पट्ट्यात चूल पेटती ठेवली ती त्यांनीच. तिथले बहुतेक कारखाने आणि हजारो कामगार सचोटीने काम करतात. मुद्दा वेगळा आहे. छापा पडला तेव्हा गाड्या आल्या, छायाचित्रकार आले, पुढारी बोलले. मालाचे वजन झाले, किंमत झाली. परंतु असा माल ज्यांच्या नाकातून आधीच मेंदूत गेला आहे त्यांची मोजदाद करावयास कुणी आले नाही. त्यांच्यासाठी डॉक्टर पाठवावा असेही कुणाला सुचले नाही. त्या दिवसांत दादा आमच्या ओसरीवर बसून आपली मोटारसायकल खोलत होता.

ही खूण आम्हाला कळली असती तर पुढचे पुष्कळ टळले असते. रात्री दोन वाजता तो गाडीचा एकेक भाग सुटा करून पुसायचा, पुन्हा जोडायचा, पुन्हा खोलायचा. दोन-दोन रात्री झोप नाही. जेवणाकडे पाहायचा नाही. दात करकरा खायचा. बोलायला लागला की थांबायचा नाही. मग एकदम दीड-दीड दिवस मेल्यासारखा झोपायचा आणि उठल्यावर भिंतीकडे तोंड करून बसायचा. पगार घरी येईना. पुढे तो सांगू लागला की उसात माणसे लपली आहेत, ती माझ्यावर नजर ठेवतात. एकदा कोयता घेऊन तो उसात शिरला. वडिलांनी त्याला कवेत धरून परत आणले. तोंडाला दारूचा वास नाही, म्हणजे व्यसन नाही, अशी आमची समजूत! आई म्हणाली, बाहेरची बाधा आहे.

हे सर्व का होते ते मी नंतर वाचून आणि डॉक्टरांना विचारून समजून घेतले. आपल्या मेंदूत डोपामिन नावाचे एक द्रव्य असते. चांगले जेवलो, कुणी शाबासकी दिली, काम मनासारखे झाले की ते थोडेसे सुटते, आपल्याला बरे वाटते आणि ते पुन्हा साठ्यात परत जाते. या नशेने ते एकदम भरमसाट सुटते आणि परत जाण्याची वाटही अडते. पाटाचे दार उघडून अख्खे आवर्तन एका रात्रीत सोडून द्यावे तसे ते आहे. त्या रात्री रान तुडुंब, आणि पुढे कित्येक दिवस ठणठणीत कोरडे. मेफेड्रोनचा अंमल दोन-चार तासांत ओसरतो, म्हणून माणूस एका रात्रीत पुन्हा पुन्हा ओढत राहतो. मेथॲम्फेटामिनचा अंमल आठ-बारा तासही टिकतो. दोन्हींत नाडी धावते, रक्तदाब चढतो, अंग तापते. हृदयावर ताण येऊन धडधाकट तरुणही दगावू शकतो. छातीत दुखू लागले, अंग भट्टीसारखे तापले किंवा झटके आले तर वेळ न घालविता मिळेल त्या दवाखान्यात न्यावे आणि काय घेतले आहे ते न लपविता सांगावे. लपविल्याने जीव जातो.

संशय आणि भास ही तर या नशेची ठळक लक्षणे. उसातली माणसे दादाला खरोखरच दिसत होती. तो खोटे बोलत नव्हता, आणि ते भूतही नव्हते. नशा थांबली की दारूसारखे हातपाय थरथरत नाहीत, म्हणून घरच्यांना वाटते, सुटली. पण खरी कसोटी तेव्हाच असते. मन इतके खचते की जगणे नकोसे होते. अशा दिवसांत माणसाला एकटे सोडू नये.

आम्ही त्याला कुठे कुठे नेले त्याची हकीकत आता सांगते. कारण आमच्यासारखी घरे याच वाटेने जातात.

प्रथम देवऋषी झाला. लिंबू उतरले, अंगारा लावला, अमावास्येला नारळ फोडला. त्याची फारशी झळ लागली नाही. पण दोन महिने गेले. मग एस.टी. स्टँडच्या भिंतीवरची जाहिरात पाहून मामांनी एक चूर्ण आणले. ‘नकळत व्यसन सोडवा’ असे त्यावर लिहिले होते. ते आईने महिनाभर चहातून दिले. त्याने व्यसन सुटले नाही, पण चहा कडू का लागतो म्हणून दादाचा संशय मात्र वाढला. आई आपल्याला विष घालते, असे तो म्हणू लागला. त्या दिवशी आई रडली तशी मी तिला कधी रडताना पाहिले नव्हते. माळ घातली की सुटेल, असेही कुणी सुचविले. ज्यांची सुटली त्यांच्याविषयी मला आदर आहे. पण भास होत असलेल्या माणसाला आधी वैद्य लागतो, वारी नंतर.

मग एका खाजगी डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या आणि “याला पुण्याला न्या” एवढेच सांगितले. पुण्याला म्हणजे कुठे, कुणाकडे, कोणत्या वारी, हे नाही. शेवटी चुलत्यांच्या ओळखीने दुसऱ्या जिल्ह्यातले एक व्यसनमुक्ती केंद्र कळले. त्यांनी “गाडी आम्हीच पाठवतो” म्हणून सांगितले. रात्री चार माणसे आली आणि झोपलेल्या दादाला हातपाय धरून घेऊन गेली. तीन महिन्यांचे पैसे आगाऊ द्यावयाचे होते. त्यासाठी आईची बोरमाळ मोडली. भेटावयास बंदी. परत आला तेव्हा पाठीवर वळ होते. तिथे डॉक्टर आला का, असे मी विचारले. तो म्हणाला, “एकदा. सह्या करायला.” अकराव्या दिवशी तो पुन्हा पूड ओढून आला. त्याला कशाचाही पश्चात्ताप झालेला दिसला नाही, आणि खरे सांगायचे तर मला त्याचे आश्चर्यही वाटले नाही.

त्या केंद्राचे नाव मी लिहीत नाही. पण वाचकांनी हे ध्यानात ठेवावे की २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याप्रमाणे दारू आणि मादक पदार्थांच्या सेवनातून उद्भवणाऱ्या मानसिक विकारांचाही मानसिक आजारात समावेश होतो. अशा आजारावर उपचार करणाऱ्या संस्थेला नोंदणी करावी लागते. रुग्णाला क्रूर वागणूक देता येत नाही, साखळीने तर कोणत्याही परिस्थितीत बांधता येत नाही. म्हणून कुठल्याही केंद्रात माणूस ठेवण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. नोंदणी दाखवा, मनोविकारतज्ज्ञ किती वेळा येतात ते सांगा, आणि घरच्यांनी कधी भेटायचे ते सांगा. उत्तरे देताना समोरचा चिडला तर माणसाला घेऊन परत फिरावे.

आम्हाला वाट सापडली ती महाविद्यालयात. माझी गैरहजेरी वाढली म्हणून आमच्या एका प्राध्यापिका बाईंनी मला बोलावून घेतले. मी आधी खोटेच सांगितले. त्या म्हणाल्या, “खरं सांगितलंस तर काहीतरी करता येईल.” मग सगळे सांगितले. त्यांनी माझ्यासमोर १४४४६ हा क्रमांक फिरविला. ही केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची फुकट दूरध्वनी सेवा आहे. मनाच्या कोणत्याही आजारासाठी १४४१६ हा ‘टेली मानस’चा क्रमांक आहे. तिथे मराठीतून बोलता येते. इतके महिने आमच्या घरात तीन मोबाईल होते, आणि हे दोन क्रमांक आम्हाला कुणीही सांगितले नव्हते.

पुढे पुण्याच्या एका सरकारी रुग्णालयातल्या मनोविकार विभागात दादाचे उपचार सुरू झाले. पोलीस पकडतील या भीतीने तो तयार नव्हता. वास्तविक १९८५ च्या अंमली पदार्थविरोधी कायद्यातच ६४-अ हे कलम आहे. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणात पदार्थ बाळगल्याचा आरोप असलेला व्यसनी माणूस आपण होऊन सरकारमान्य संस्थेत उपचार घ्यावयास तयार झाला, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. उपचार मात्र पुरे केले पाहिजेत. विकणाऱ्याला ही सवलत नाही, आणि ते योग्यच आहे.

आता या लेखाच्या मूळ मुद्द्याकडे येते. डॉक्टरांना वडिलांनी पहिलाच प्रश्न केला, “साहेब, ह्याच्यावर एखादं इंजेक्शन असंल ना?” डॉक्टरांनी त्यांना शांतपणे सांगितले की अफूच्या जातीच्या नशेवर पर्यायी औषधे आहेत, दारूवर काही गोळ्या आहेत, पण या जातीच्या नशेवर हमखास असे औषध अजून कुठेच नाही. भास, झोप, खिन्नता यांवर गोळ्या देता येतात. मुख्य उपचार म्हणजे बोलणे. दर आठवड्याला येऊन बसायचे. ओढण्याची इच्छा केव्हा होते, कुणाच्या संगतीत होते, पगाराच्या दिवशी काय करायचे, हे एकेक सोडवायचे. परदेशांत तर लघवीची तपासणी निर्मळ निघाली की रुग्णाला लहानसे बक्षीस देतात, आणि या नशेवर तो उपाय चांगला लागू पडल्याचे दिसून आले आहे. वर्ष-दीड वर्ष माणूस दूर राहिला तर मेंदूही बराचसा सावरतो. म्हणजे या रोगावर औषध एकच: जात राहणे.

आणि नेमके हेच आमच्याने होईना. पहाटे साडेचारला उठून मोटारसायकलने केडगाव गाठायचे, तिथून गाडीने पुणे, मग बस, मग केसपेपरची रांग. अर्ध्या तासाच्या बोलण्यासाठी अख्खा दिवस जायचा. दादाचा रोज बुडायचा आणि सोबत जाणाऱ्या वडिलांचाही बुडायचा. ठेकेदार दर मंगळवारी सुट्टी देत नाही. पाच आठवडे आम्ही गेलो, सहाव्याला ऊस तोडीला आला म्हणून चुकले, सातव्याला पैसे नव्हते, आठव्याला तो घसरला. डॉक्टरांनी रागावून विचारले असते तर बरे वाटले असते. ते एवढेच म्हणाले, “लांबून येणाऱ्यांचं असंच होतं.”

हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. ज्या आजारावर दर आठवड्याला जाणे हाच उपचार आहे, त्यात सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटरचे अंतर ही केवळ गैरसोय राहत नाही. उपचार तुटण्याचे ते कारणच होते. पोटाचे ऑपरेशन करायला माणूस एकदा पुण्याला जाऊन येईल. पण वर्षभर दर मंगळवारी जाणे हातावर पोट असलेल्याला साधणारे नाही. मग आपण म्हणतो, त्याची इच्छाशक्ती कमी पडली.

केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्स या संस्थेने देशभर पाहणी केली. तिचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. दारूच्या आहारी गेलेल्या ३८ माणसांपैकी कसाबसा एक कोणता तरी उपचार मिळाल्याचे सांगतो, असे त्यात आढळले. ही दारूची कथा. ती तर गावोगाव सर्वांच्या परिचयाची. मग जिचे नावसुद्धा घरच्यांना ठाऊक नाही अशा नशेची काय कथा असेल?

यावर कुणी म्हणेल, व्यसन्यांवर सरकारने पैसा का उधळावा? गावात प्यायला पाणी नाही, शाळेला छप्पर नाही. विकणाऱ्यांना फाशी द्या, प्रश्न मिटेल. हे मत मी वर्गातही ऐकले आहे. विकणाऱ्यांना कडक शिक्षा व्हावी यात दुमत नाही. पण शिक्षेने माल थांबला तरी ज्याच्या मेंदूला सवय जडली त्याची तहान थांबत नाही. तो दुसरा माल शोधतो. आणि पैशाचेच म्हणाल तर आमच्या घराने देवऋषी, चूर्ण आणि त्या केंद्रावर जे घालविले तेही पैसेच होते. त्यात कुणाचेही भले झाले नाही. उपचार महाग आहेत म्हणून आम्ही कर्जात बुडालो नाही. खरा उपचार जवळ नव्हता म्हणून खोट्या उपचारांनी आम्हाला बुडविले.

दुसरा आक्षेप असा, की तालुक्याला एवढे तज्ज्ञ आणायचे कुठून? हा आक्षेप विचार करण्याजोगा आहे. तज्ज्ञ थोडे आहेत हे खरेच. पण मी काही दौंडला आणि शिरूरला मोठी इस्पितळे बांधा असे म्हणत नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात १९९६ पासून सुरू आहे. मनाच्या आजारावरचा उपचार जिल्ह्याच्या शहराबाहेर, लोकांच्या जवळ न्यावा, हाच त्याचा हेतू. त्याच धर्तीवर दोन्ही तालुक्यांच्या ठिकाणी एक खोली, एक शिकलेला समुपदेशक आणि आठवड्यातून ठरलेला एक वार, एवढे झाले तरी पुरे. डॉक्टर महिन्यातून एकदा आले, मधल्या वेळी दूरध्वनीवरून बोलले, तरी चालेल. वेळ मात्र संध्याकाळची हवी, पहिली पाळी सुटल्यावरची. औद्योगिक वसाहतींनी याचा भार उचलावा. कामगार थकला तर त्याला विश्रांती मिळावी, डबल पाळीवर मर्यादा असावी आणि उपचार घेणाऱ्याची नोकरी जाऊ नये, हेही त्यांनी पाहावे. कारण ती पहिली चिमूट दादाने झोपेच्या बदल्यात घेतली होती.

असे होऊ शकत नाही हे मला पटत नाही. १९८० च्या दशकात पुण्यात ब्राऊन शुगर म्हणजे ‘गर्द’ शिरली. कोवळी पोरे त्यात होरपळू लागली. अनिल अवचट यांनी त्यावर लिहिले आणि त्यांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट यांनी येरवड्याच्या मनोरुग्णालयातील आपल्या अनुभवाच्या बळावर १९८६ साली ‘मुक्तांगण’ सुरू केले. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी त्याला पैशाचे पाठबळ दिले. या गोष्टीतले मला महत्त्वाचे वाटते ते असे, की रोग जिथे आला होता तिथेच त्यांनी दवाखाना उघडला. “मुंबईला न्या” असे सांगून ती माणसे थांबली नाहीत. आता रोग कुरकुंभला आला आहे, रांजणगावला आला आहे, आमच्या भीमाकाठच्या उसापर्यंत आला आहे.

सरकार करील तेव्हा करील. तोपर्यंत आपण विद्यार्थी काय करू शकतो? आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर दरवर्षी खेड्यात जाते. आपण रस्ते झाडतो, पथनाट्यात दारुड्याचे सोंग काढून लोकांना हसवितो. यंदा त्याऐवजी ते दोन क्रमांक प्रत्येक ग्रामपंचायतीच्या, एस.टी. थांब्याच्या आणि गुऱ्हाळाच्या भिंतीवर रंगवावेत. त्या चूर्णाच्या जाहिरातीशेजारीच रंगवावेत. आशाताईंना नशेच्या खुणा समजावून सांगाव्यात. आणि दोन्ही तालुक्यांच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना आपल्या सह्यांचा अर्ज द्यावा. आपल्या वर्गातही ज्याचा भाऊ रात्री मोटारसायकल खोलून बसतो असे कुणी असेल. त्याने किंवा तिने माझ्यासारखे वर्षभर खोटे बोलत राहू नये, म्हणून तर हा लेख लिहिला.

दादाचे काय झाले, असे तुम्ही विचाराल. घसरल्यानंतर तो पुन्हा गेला. बाईंच्या सांगण्यावरून डॉक्टरांनी एक आठवडा प्रत्यक्ष आणि एक आठवडा दूरध्वनीवर, अशी सोय करून दिली. त्यामुळे आमचा अर्धा प्रवास वाचला. आज सात महिने झाले. वसाहतीतले काम त्याने सोडले. गावातच पंप आणि मोटारी दुरुस्त करतो. झोप अजून नीट लागत नाही. पगाराच्या तारखेला, म्हणजे सात तारखेला, तो अस्वस्थ होतो. त्या संध्याकाळी वडील त्याला काहीतरी निमित्त काढून गुऱ्हाळावर घेऊन जातात आणि रात्री बरोबरच परत आणतात. बरा झाला असे आम्ही कुणीच म्हणत नाही. डॉक्टरही म्हणत नाहीत.

ते बक्षीस मिळालेले प्रशस्तिपत्र मी भिंतीवरून काढावयास निघाले होते. दादानेच अडविले. म्हणाला, “राहू दे. खाली ते दोन नंबर लिहून चिकटव.” मी तसे केले आहे. येणारे-जाणारे विचारतात, हे कसले नंबर? पूर्वी आई विषय बदलायची. परवा शेजारच्या वाडीची एक बाई आली होती. तिने विचारले तेव्हा आईने तिला आत नेले, जवळ बसवले आणि सांगितले.

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष, कला